जुन्या ऑल्टोचे पुढचे शॉकअप घरी बदलताना

आमची ऑल्टो २००९ सालची, ७९६ सीसीची. कोल्हापूर-रत्नागिरी हा तिचा नेहमीचा रस्ता, म्हणजे वर्षातून आठ-दहा वेळा आंबा घाट आलाच. दोन पावसाळ्यांपूर्वी घाट उतरताना जाणवलं की ब्रेक दाबला की गाडीचं नाक खाली जातंय आणि वर यायला वेळ घेतंय. बारीक खड्ड्यातून गेलं की पुढून, डावीकडून, 'खट्' असा आवाज. साखरप्याला चहाला थांबलो तेव्हा स्टेअरिंग पूर्ण वळवून चाकाच्या मागे डोकावलो. शॉकअपच्या नळीवर तेलाचा ओला थर आणि त्यावर लाल माती लिंपल्यासारखी बसलेली होती.

त्या वेळी पहिल्यांदा हे काम अंगणात केलं. त्यानंतर नातेवाइकांच्या आणि शेजाऱ्यांच्या मिळून आणखी चार गाड्यांचं केलं. दर वेळी मदतीला उभा राहिलेला कोणीतरी विचारतो, "हे मला जमेल का?" जमेल. दोन गोष्टींचा धोका मात्र आधी नीट समजून घ्यायला हवा. पहिला, नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली अंग घालण्याचा. दुसरा, दाबून धरलेल्या स्प्रिंगचा. बाकी सगळा नट-बोल्टचा मामला आहे. म्हणून नवख्या माणसाला मी कामाची सरळ वाटणी करून देतो: स्ट्रट, म्हणजे स्प्रिंगसकट आख्खा शॉकअप, गाडीतून उतरवणं आणि परत चढवणं घरी, स्प्रिंग काढून नव्या स्ट्रटवर बसवणं गॅरेजमध्ये. अशानेही मजुरीचा मोठा भाग वाचतो, आणि आपल्या गाडीचा प्रत्येक बोल्ट आपल्या हाताने आवळला आहे हे समाधान मिळतं ते वेगळंच.

हा शॉकअप करतो काय

गॅरेजमध्ये आपण सरसकट 'शॉकअप' म्हणतो, पण लहान गाड्यांच्या पुढच्या बाजूला असतो तो मॅकफर्सन स्ट्रट. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन इंजिनियरच्या नावाने तो ओळखला जातो. १९५० मध्ये ब्रिटनच्या फोर्डने कॉन्सल आणि झेफिर या गाड्यांत तो दिला आणि पुढे जगभरच्या लहान गाड्यांनी उचलला. १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० च्या पुढे हाच होता. ऑल्टो, वॅगन-आर, सँट्रो, इंडिका यांच्यातही हाच. कारण सोपं आहे: एकच नळकांडं तीन कामं करतं. त्याच्यावर स्प्रिंग बसते, त्याच्या पोटात तेलाचा शॉकअप असतो, आणि स्टेअरिंग वळवलं की चाकाबरोबर हे आख्खं नळकांडंच फिरतं. इंजिन आडवं बसवायला जागा मोकळी राहते.

गाडीचं वजन पेलते ती स्प्रिंग. पण नुसती स्प्रिंग ठेवली तर एका खड्ड्यानंतर गाडी पाळण्यासारखी झुलत राहील. ते झुलणं मारायचं काम आतल्या तेलाचं. दट्ट्या वर-खाली होताना तेलाला बारीक छिद्रांतून जावं लागतं, तिथे अडथळा होतो आणि झोक्याची ताकद उष्णतेत संपते. वरचं सील झिजलं की तेल बाहेर येतं, अडथळा संपतो, आणि चाक रस्त्यावर दाबून राहण्याऐवजी उड्या मारू लागतं. त्रास फक्त कमरेला होत नाही. उडणाऱ्या चाकाला ब्रेक नीट लागत नाही, ओल्या रस्त्यावर तर अजिबातच नाही.

आधी खात्री, मग खर्च

खट्-खट् आवाज आला की शॉकअपवर संशय घेण्याची घाई होते. पण लोअर आर्मचे (चाकाला खालून सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्याचे) रबरी बुश, त्याच्या टोकाचा बॉल जॉइंट, डाव्या-उजव्या बाजूंना एकमेकींशी जोडणारी लिंक रॉड, स्ट्रटला वर पत्र्याशी पकडणारं माउंटिंग यांतलं काहीही तसाच आवाज करतं. नवे स्ट्रट टाकूनही आवाज तसाच राहिलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत, म्हणून या टप्प्यावर अर्धा तास जास्त घालवा.

बॉनेटचा एक कोपरा दोन्ही हातांनी जोरात खाली दाबून सोडा. गाडी वर येऊन एकदा बसली आणि थांबली तर ठीक. दोन-तीन वेळा हलली तर त्या बाजूचा स्ट्रट संपला. ही परीक्षा पक्की मानू नका, कारण अर्धवट गेलेला स्ट्रट यात पास होऊ शकतो. तेल बघा: नळीवर नुसता धुळकट ओलसरपणा चालतो, पण बोटाला तेल लागलं, ओघळ दिसला, तर प्रश्न मिटला. मग टायरवरून तळवा फिरवा. झीज सलग नसून ठिकठिकाणी उंच-सखल लागत असेल तर चाक उडत आलंय हे नक्की.

माउंटिंग तपासायची पद्धत वेगळी. गाडी उभी, इंजिन बंद. एकाने स्टेअरिंग इकडून तिकडे वळवायचं, दुसऱ्याने बॉनेट उघडून स्ट्रटच्या वरच्या टोकापाशी कान द्यायचा. 'कर्र' किंवा 'टण्' असा आवाज येत असेल, स्प्रिंग अडकून एकदम सुटल्यासारखी वाटत असेल, तर वरचं बेअरिंग गेलंय. चाक जॅकवर असताना ते वर-खाली पकडून हलवा. खेळ जाणवला तर बॉल जॉइंट किंवा चाकाचं बेअरिंग बघा; ते दुखणं स्ट्रट बदलून जाणार नाही.

आणखी एक तपासणी कोकणातल्या गाड्यांसाठी. समुद्रकाठच्या हवेत वाढलेल्या जुन्या गाडीत स्ट्रट जिथे वर पकडला जातो तो पत्राच कधी कधी गंजून भुगा झालेला असतो. बॉनेटखालून तिथली माती पुसा, पेचकसाच्या टोकाने हलकेच टोचा. टोक आत गेलं तर काम आधी डेंटरचं. कुजलेल्या पत्र्यावर नवा स्ट्रट बसवू नका.

दुकानातून काय आणायचं

स्ट्रट नेहमी जोडीने बदला. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला थकलेला असेल तर ब्रेक मारताना गाडी एका अंगाला झुकते. डावा आणि उजवा वेगळे असतात, कारण ब्रेकचा पाइप अडकवायची पट्टी एकमेकांच्या उलट बाजूला असते. डब्यावरचं अक्षर दुकानातच वाचा, घरी येऊन नको. गाडीचं मॉडेल सांगताना सालही सांगा: २००० सालापासून आलेली जुनी ऑल्टो, के-१० आणि २०१२ मध्ये आलेली ऑल्टो ८०० हे सगळं 'ऑल्टो' या एका नावात मोडतं आणि तिथेच घोळ होतो. जुन्या स्ट्रटचा फोटो फोनमध्ये असू द्या.

माल कंपनीचा किंवा नावाजलेल्या उत्पादकाचा घ्या. गॅब्रिएल हे नाव बहुतेक दुकानांत मिळतं. ही कंपनी १९६१ पासून भारतात शॉकअप बनवते आणि तिचे कारखाने आपल्याकडे चाकण आणि नाशिकलाही आहेत. 'तसाच आहे, निम्म्या किमतीत' असं सांगून पुढे केलेला बिननावाचा डबा परत करा. 'रिपेअर केलेला' स्ट्रटही नको. जुन्या नळीला भोक पाडून तेल भरून परत जोडलेला माल पहिल्या महिन्यात बरा चालतो, पण त्याची दांडी आणि सील जुनंच असतं.

स्ट्रटबरोबर दोन्ही बाजूंचं माउंटिंग, त्यातलं बेअरिंग, बंप स्टॉपर (स्ट्रट पूर्ण दबला की धक्का झेलणारा ठोकळा) आणि धुळीचं रबरी कव्हर घ्या. एकदा स्प्रिंग उतरवली की हे बदलायला वेगळी मेहनत नाही. नंतर बदलायचं म्हटलं तर सगळं काम पहिल्यापासून. इथे कंजूषी करू नका. खाली स्ट्रट चाकाच्या ज्या ओतीव तुकड्याला पकडतो त्या नकलचे नट-बोल्ट गंजलेले असतील तर तेही नवे घ्या, त्याच ताकदीचे. बोल्टच्या डोक्यावर आकडा कोरलेला असतो तो जुळवून घ्या. हार्डवेअरच्या दुकानातला साधा बोल्ट इथे चालणार नाही.

हत्यारं आणि जागा

रिंग पाने आणि गोटी पाने १२ पासून १९ पर्यंत, लांब दांडा, चाकाचा पाना, हातोडी, पक्कड, पेचकस, वायर ब्रश, गंज सुटायचा स्प्रे, जाड बाइंडिंग वायर किंवा मजबूत दोरी. टॉर्क पाना (किती जोराने आवळलं ते दाखवणारा) असला तर उत्तम, एखाद्या ओळखीच्या मेकॅनिककडून दिवसभरासाठी मिळतो. ट्रॉली जॅक आणि लोखंडी घोड्या मात्र हव्यातच. घोडी म्हणजे तीन-चार पायांचा स्टँड, ज्याच्यावर गाडी टेकवून ठेवायची. डिकीतला कात्री जॅक पंक्चर काढण्यापुरता असतो. विटांवर, दगडांवर, सिमेंटच्या ब्लॉकवर गाडी ठेवू नका. ते वाकत नाहीत, अचानक फुटतात.

जागा सपाट आणि टणक हवी. काँक्रीट उत्तम. अंगणात माती असेल तर जॅक आणि घोडीखाली जाड लाकडी फळी टाका. पेव्हर ब्लॉकवर फसवणूक होते, वरून घट्ट दिसतात आणि एका कोपऱ्यात वजन आलं की खचतात. सोसायटीच्या पार्किंगचा उतार डोळ्याला दिसत नसला तरी बाटलीतलं पाणी जमिनीवर ओतून बघा, ते कुठे पळतं ते कळेल.

आदल्या संध्याकाळी सगळ्या नट-बोल्टांवर स्प्रे मारून ठेवा. रात्रभर मुरला की दुसऱ्या दिवशी निम्मी झटापट कमी होते. बोल्टचं उघडं टोक आधी वायर ब्रशने घासा, नाहीतर गंजलेल्या आट्यांवरून नट फिरवताना तो मध्येच जाम होतो.

उतरवणं

पहिल्यांदा करणाऱ्याने एका बाजूला तीन-चार तास धरावेत. सकाळी लवकर सुरू करा आणि सोबत एक माणूस ठेवा. काही क्षण असे येतात की तीन हात लागतात.

हँडब्रेक ओढा, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ओंडके लावा. किल्ली फिरवून स्टेअरिंगचं लॉक मोकळं ठेवा. चाकं जमिनीवर असतानाच चारही नट पाव फेरा सैल करा. चाक हवेत गेल्यावर ते नुसतं फिरत राहतं. मग जॅक लोअर आर्म जिथे गाडीच्या सांगाड्याला पकडतो त्या जाड भागाखाली लावून उचला आणि घोडी दाराच्या उंबऱ्याखाली, जॅकच्या खाचेच्या जागी सरकवा. नेमक्या जागा गाडीच्या पुस्तकात चित्राने दाखवलेल्या असतात, त्या आधी बघून ठेवा. मी पुढच्या दोन्ही बाजू घोड्यांवर घेतो. लिंक रॉड असलेल्या गाडीत एकच बाजू उचलली तर दुसऱ्या बाजूचा ताण या बाजूला येतो आणि बोल्ट अडकून बसतात.

घोड्यांवर टेकल्यावर गाडीला हाताने हलवून बघा. जराही डगमगली तर परत उतरवून पुन्हा लावा. काढलेलं चाक उंबऱ्याखाली आडवं सरकवून ठेवा. काही घसरलंच तर गाडी चाकावर बसेल, माणसावर नाही.

दोन्ही बाजू एकदम उघडू नका. एक पूर्ण करा, मग दुसरी. अडलं की समोरची न उघडलेली बाजू बघता येते. त्याआधी मात्र उघड्या चाकाच्या जागेचे चार बाजूंनी फोटो काढा: बोल्ट कुठून घातलाय, नट कुठल्या बाजूला, ब्रेकचा पाइप कसा वळलाय.

सुरुवात ब्रेकच्या पाइपने. ऑल्टोत तो स्ट्रटच्या पट्टीत एका सपाट क्लिपने अडकवलेला असतो. क्लिप पेचकसाने उचकटली की पाइप बाजूला सरकतो. ब्रेकची लाइन कुठेही उघडायची गरज नाही. तुमच्या गाडीत एबीएस (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर त्याची वायरही इथेच चिकटलेली असते, ती सोडवा.

आता नकल. चाकाचा हब आणि ब्रेक ज्या ओतीव तुकड्यावर बसतात तो नकल, आणि स्ट्रटचं खालचं टोक त्याला दोन जाड बोल्टांनी पकडलेलं असतं. ते काढण्याआधी दोन कामं करा. खिळ्याने किंवा रंगाने स्ट्रट आणि नकल यांच्यावर मिळून एक रेघ मारा. मग नकलच्या वरच्या भागातून वायर ओवून ती वर पत्र्याच्या एखाद्या भोकाला ढिली बांधा आणि लोअर आर्मखाली जॅक नुसता टेकवून ठेवा. बोल्ट निघाले की नकल बाहेरच्या अंगाला पडतं. बांधलेलं नसेल तर ब्रेकचा पाइप ताणला जातो, आणि त्याहून वाईट म्हणजे ड्राइव्ह शाफ्ट, चाकाला फिरवणारा दांडा, गिअरबॉक्सच्या बाजूच्या सांध्यातून ओढला जातो. तो निसटला तर शॉकअपचं काम बाजूला राहून गिअर ऑइल जमिनीवर.

बोल्टचं डोकं एका पान्याने धरा आणि नट फिरवा. डोकं फिरवू नका. सुटत नसेल तर पान्यात लांब पाइप घालून हळूहळू जोर द्या. झटक्याने नको, पाना निसटला की हात सरळ पत्र्यावर जातो. नट निघाल्यावर तो बोल्टच्या टोकाशी परत दोन आटे चढवा आणि मगच हातोडीने ठोका, म्हणजे आटे चेपणार नाहीत. तासभर प्रयत्न करूनही बोल्ट हलला नाही तर थांबा. इथून पुढे गॅसची शेगडी किंवा ग्राइंडर काढायचा मोह होतो. बाजूलाच ब्रेकचा रबरी पाइप आहे आणि वर तेलाने माखलेला स्ट्रट. मेकॅनिकला घरी बोलवा, तो दोन बोल्ट सोडवून जाईल.

खालचे बोल्ट निघाले की बॉनेट उघडा. वर माउंटिंगचे दोन किंवा तीन लहान नट दिसतील, आणि त्यांच्या मधोमध एक मोठा नट, काही गाड्यांत रबरी टोपीखाली झाकलेला. लहान नट काढायचे. मधल्या मोठ्या नटाला पाना लावायचा नाही. स्प्रिंगला दाबून धरणारा तो एकटाच आहे. चाक हवेत लोंबकळत असलं तरी स्प्रिंग पूर्ण मोकळी झालेली नसते. ऑल्टोचं वजन सव्वासातशे किलोच्या आसपास आणि त्यातला मोठा वाटा पुढे, म्हणजे पुढच्या एकेका स्प्रिंगवर गाडी उभी असताना दोनशे किलोच्या घरात भार असतो. स्ट्रट बाहेर काढल्यावर तो बराच उतरतो, पण उरतो तोही हाडं मोडायला पुरेसा असतो.

शेवटचा लहान नट काढताना मदतनीसाने खालून स्ट्रट धरून ठेवायचा. मग नकलचं वरचं टोक बाहेर झुकवून स्ट्रट खाली ओढून घ्यायचा. तो आख्खा, स्प्रिंगसकट, तुमच्या हातात येतो.

गॅरेजमधला अर्धा तास

आमच्याकडे मी स्ट्रट गोणपाटात गुंडाळून कोल्हापूरच्या उद्यमनगरला नेतो. स्प्रिंग दाबायचं भिंतीला बसवलेलं यंत्र असलेलं गॅरेज शोधा. दोन हुकांचे सुटे कंप्रेसर बाजारात मिळतात आणि त्यांनी कामही होतं, पण दोन्ही बाजू सारख्या आवळल्या नाहीत तर स्प्रिंग वाकून हुकातून उडते. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये हे माझं ठाम मत आहे. आणि वायरने किंवा दोरीने स्प्रिंग बांधून मधला नट सोडणारा कोणी भेटला तर स्ट्रट उचलून बाहेर पडा.

तिथे नुसतं बाहेर बसून राहू नका, बघत उभे राहा. माझ्या पहिल्या वेळी एका ठिकाणी मुलाने नवी चकचकीत दांडी पकडीने घट्ट धरली आणि नट आवळला. दांडीवर बारीक चरे पडले. त्या चऱ्यांनी सील खाल्लं आणि चार महिन्यांत तेल परत बाहेर. ते सांगायला मी जवळ नव्हतो, याचं मला अजून वाईट वाटतं. दांडी फिरू नये म्हणून तिच्या टोकाला खाच किंवा षटकोनी भोक दिलेलं असतं, तिथेच धरायची.

नवा स्ट्रट दुकानात आडवा पडून असतो. स्प्रिंग बसवण्याआधी तो उभा धरून दांडी चार-पाच वेळा पूर्ण खाली-वर करून घ्या, म्हणजे तेलात शिरलेली हवा वर निघते. दांडी दाबताना मध्येच पोकळ जागा जाणवली आणि असं खाली-वर केल्यावरही ती गेली नाही, तर तो स्ट्रट परत करा.

मग क्रम: बंप स्टॉपर, धुळीचं कव्हर, स्प्रिंग, वरची रबरी बैठक, बेअरिंग, माउंटिंग, नट. स्प्रिंगच्या खालच्या टोकासाठी स्ट्रटच्या वाटीत एक पायरी असते, टोक तिला टेकलेलं हवं. ते पायरीवर चढून बसलं तर गाडी तिथून उंच राहते आणि चार दिवसांत 'टण्' करून स्प्रिंग खाली घसरते. बेअरिंगची बाजू उलटी होण्याची चूकही नेहमीची. म्हणूनच जुना स्ट्रट उघडताना तुकडे ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने एका ओळीत मांडायला सांगा आणि फोटो काढा. स्प्रिंग तुटलेली असेल, तिचं एखादं वेटोळं दुसऱ्यावर घासून झिजलेलं असेल, तर तीही जोडीने बदला.

परत चढवणं

आधी वरचं टोक. मदतनीस खालून स्ट्रट वर ढकलेल, तुम्ही वरून लहान नट हाताने दोन-तीन आटे चढवा, आवळू नका. मग नकल स्ट्रटच्या पट्टीत सरकवा. भोकं जुळत नसतील तर लोअर आर्मखालचा जॅक हळूहळू वर घ्या. जुळली का हे बघायला भोकात बोट घालू नका, पेचकस घाला. बोल्ट पूर्वी ज्या बाजूने होते त्याच बाजूने. रेघ जमेल तेवढी जुळवा. त्या भोकांत किंचित मोकळीक असते, आणि तेवढ्याने चाकाचा वरचा भाग आत-बाहेर झुकतो. नकलचे बोल्ट इथेच पूर्ण आवळा. ब्रेकचा पाइप त्याच्या पट्टीत घालून क्लिप ठोका. हे विसरलं तर पाइप टायरला घासतो.

आवळण्याचा जोर गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेला असतो, तोच पाळा. जुन्या पुस्तकांत तो किलोग्रॅम-मीटरमध्ये असतो. १ किलोग्रॅम-मीटर म्हणजे सुमारे ९.८ न्यूटन-मीटर. टॉर्क पाना मिळाला नाही तर हिशेब असा: ४५ सेंटिमीटर लांब दांड्याच्या टोकाला २० किलोचा जोर दिला की ९ किलोग्रॅम-मीटर होतात, आणि लहान गाड्यांच्या नकलचे बोल्ट बहुधा याच टप्प्यात असतात. २० किलो म्हणजे किती हे हाताला कळावं म्हणून वजनकाट्यावर एकदा दाबून बघा. वरच्या लहान नटांना याच्या चौथ्या हिश्श्याइतकाच जोर पुरतो. लांब दांडा लावला तर ते पिळून तुटतात, आणि ते स्टड माउंटिंगला जोडलेले असल्याने नवं माउंटिंग वाया.

चाक लावा, नट समोरासमोरचे आलटून-पालटून आवळा, गाडी जमिनीवर आणा आणि मग वरचे लहान नट व चाकाचे नट शेवटचे आवळा. हीच पद्धत दुसऱ्या बाजूला.

गाडी हलवण्याआधी स्टेअरिंग दोन्ही टोकांना पूर्ण वळवून ब्रेकचा पाइप कुठे ताणला किंवा टायरला लागला नाही ना ते बघा. ब्रेकचं पेडल दोन-तीनदा दाबून ते नेहमीसारखं घट्ट लागतंय याची खात्री करा. मग घराजवळच्या रस्त्यावर हळू एक फेरी, दोन-तीन स्पीडब्रेकर. नव्या रबराचा किंचित आवाज एक-दोन दिवस येऊ शकतो. पण 'खट्' आला तर लगेच थांबून नट तपासा.

अलाइनमेंट त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी करून घ्या. स्ट्रट बदलला की चाकांचा कोन हललेलाच असतो, गाडी सरळ जात असली तरी. अलाइनमेंट टाळली तर नवे स्ट्रट तसेच राहतील आणि टायर आतल्या कडेने खाल्ले जातील. तिथे कॅम्बरचा, म्हणजे चाकाच्या आत-बाहेर झुकण्याचा, आकडाही विचारा. डाव्या-उजव्यात मोठा फरक असेल तर नकलचे बोल्ट सैल करून तिथेच सुधारता येतो.

शंभरेक किलोमीटरनंतर नकलचे बोल्ट, वरचे नट आणि चाकाचे नट पुन्हा एकदा पान्याने तपासा. स्ट्रट कोणत्या तारखेला, किती किलोमीटरवर, कोणत्या कंपनीचे टाकले ते सर्व्हिस बुकात लिहा आणि बिल तिथेच जोडा, वॉरंटीला तेच लागतं.

जुने स्ट्रट भंगारवाल्याला देताना आत तेल आणि काहींत दाबलेला वायू असतो हे त्याला सांगा, म्हणजे तो गॅस कटरने कापायला जाणार नाही. जुनी माउंटिंग मुलांच्या हाती लागणार नाहीत अशी टाका. त्यांच्या कडा सुरीसारख्या झिजलेल्या असतात.